नऊ सेकंदांची सार्वजनिक शांतता

शांतता सर्वांना हवी असते, आणि जे सर्वांना हवं असतं ते नेहमी शेजाऱ्याने करायचं असतं. या तत्त्वावर आपलं सगळं समाजजीवन उभं आहे. मुलांनो, हे तत्त्व नीट समजावं म्हणून जरा डोळे मिटा आणि एका इमारतीची कल्पना करा. (डोळे मिटून वाचता येत नाही हे खरं. पण सूचनांचं असंच असतं, जमतील तेवढ्या पाळायच्या.)

इमारत चार मजल्यांची. प्रत्येक मजल्यावर आठ घरं, म्हणजे एकूण किती? बत्तीस. शाबास. तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात एक काळा पियानो आहे. दिसायला कपाटासारखा, पण कपडे शोधायला उघडलंत तर आत नुसत्या तारा. हा पियानो इमारतीत लिफ्टच्या आधी आला. मग लिफ्ट बसवली, तिने जिन्याची निम्मी रुंदी खाल्ली, आणि तेव्हापासून पियानोला घराबाहेर पडता येत नाही. (घरातल्या आजोबांनाही गुडघ्यांमुळे पडता येत नाही. त्यामुळे दोघांचं चांगलं जमतं.)

या घरात मुंगी राहते. वय नऊ. खरं नाव वेगळं आहे, पण ती स्वयंपाकघरात कधी आली आणि साखरेचा डबा कधी हलका झाला हे कुणाला कळत नाही, म्हणून शाळेचा हजेरीपट सोडला तर सगळीकडे मुंगीच. आणि तिथेच मुंगीची आत्या राहते. आत्या गाणी लिहिते, त्यांना चाली लावते आणि पियानोवर बसून स्वतःच म्हणते. तीन माणसांचं काम एकटीने केलं की तिघांच्या चुकाही आपल्याच पदरात पडतात, असं आजोबांचं मत आहे.

आत्याने आपला पहिला अल्बम करायला घेतला. नाव 'दार लोटून घे'. अकरा गाणी, सगळी संथ, सगळी उदास. ती उदास का, यावर इमारतीत बरीच चर्चा झाली. पहिल्या मजल्यावरच्या मिक्सरवाल्या काकू म्हणाल्या, "पोटभर जेवते, वेळेवर झोपते, दात सगळे जागच्या जागी आहेत. मग हिला झालंय तरी काय?"

झालं होतं ते अकराव्या गाण्यात होतं. आत्याची एक जिवाभावाची मैत्रीण कायमची परगावी निघाली होती. दारात उभी राहून म्हणाली, "बरं, येते." आणि निघालीच नाही. तशीच उभी राहिली. आत्याही उभी राहिली. दोघींना एक शब्द सुचेना. मग ती गेली. गाण्यात 'बरं, येते' ही ओळ आली की आत्या पट्ट्यांवरून हात उचलते आणि नऊ सेकंद काहीच वाजवत नाही, काहीच म्हणत नाही.

"नऊच का गं?" मुंगीने विचारलं होतं.

"आठव्या सेकंदापर्यंत वाटत होतं, ती राहील," आत्या म्हणाली.

बाकी दहा गाण्यांत एखादा सूर इकडचा तिकडे झाला असता तर आत्याने चालवून घेतलं असतं. हे नऊ सेकंद मात्र तिला धड हवे होते. एवढंच तिचं मागणं. फार मोठं नव्हतं. नऊ सेकंदांत तर धड एक चप्पलही सापडत नाही.

पियानो बाहेर जाऊ शकत नव्हता म्हणून रेकॉर्डिंगवाले काकाच आपलं यंत्र घेऊन घरी आले. त्यांनी आधी सुचवून पाहिलं, "दुसऱ्या पियानोवर करूया की. माझ्या स्टुडिओत चांगला आहे."

"याची खालची एक पट्टी दाबली की उशिरा वर येते," आत्या म्हणाली. "सगळी गाणी तिच्या कलाने बांधलीत. दुसरे पियानो फार आज्ञाधारक असतात."

काकांनी पट्टी दाबून पाहिली. ती सावकाश, जांभई दिल्यासारखी वर आली.

दहा गाणी दोन दिवसांत झाली. पियानो वाजत असेपर्यंत इमारत त्याच्याखाली झाकली जात होती. अकराव्या गाण्याला पियानो गप्प झाला आणि इमारत उघडी पडली. मुंगीला शाळेच्या वहीत नोंदी ठेवायचं काम मिळालं होतं. त्या नोंदी अशा:

पहिला प्रयत्न. चौथा सेकंद. मिक्सर.
दुसरा प्रयत्न. दुसरा सेकंद. रहिवासी मंडळाच्या अध्यक्षांचा खोकला.
तिसरा प्रयत्न. सातवा सेकंद. वरच्या बाथरूममधून, "अगं, टॉवेल!"
चौथा प्रयत्न. पहिला सेकंद. "दिला ना मघाशी!"
पाचवा प्रयत्न. आठवा सेकंद. (इथे आत्या रडवेली झाली.) कुणीतरी जिन्यातून स्टुल ओढत नेलं.
सहावा प्रयत्न. नववा सेकंद. आपलेच आजोबा, आतल्या खोलीतून, "झालं का?"

मुंगीने काकांना विचारलं, "तुमच्या यंत्रातून नुसती शांतता काढून मध्ये चिकटवता नाही येत?"

काका शिकवण्याच्या बाबतीत मोठे धीराचे. त्यांनी तिच्या कानांवर हेडफोन चढवले, गाणं लावलं आणि मधल्या जागी शून्य भरून दाखवलं.

"वायर तुटली का?" मुंगी दचकून म्हणाली.

"बघ! प्रत्येकाला तेच वाटेल. यंत्राची शांतता मेलेली असते. इथे खोलीची शांतता लागते, माणसांसकट. माणसं श्वास धरून बसली की ती निराळीच ऐकू येते." मग त्यांनी आवाजाचं गोल बटण कुठलं, रेकॉर्डिंगचं लाल बटण कुठलं, हेही दाखवलं. (ज्या वस्तूला हात लावू नको असं सांगायचं असतं, ती मुलांना आधी नीट समजावून द्यावी. मग मुलं हात लावतात, पण चुका करत नाहीत.)

शेवटी आत्याने खाली फलकावर साधी चिठ्ठी लावली: 'रविवारी सकाळी अकरा वाजता कृपया नऊ सेकंद शांत राहावे.' इथे तिची चूक झाली. एवढी सोपी विनंती पाहून रहिवासी मंडळाला काळजी वाटली. जे काम समितीशिवाय होतं, ते काम झालं असं मानायचं कसं?

मंडळाचे अध्यक्ष वजनमाप खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचा किलो तपासला होता. त्यांनी त्याच दिवशी 'शांतता नियोजन उपसमिती' नेमली, आत्याकडून सात कलमांच्या परवानगीपत्रावर सही घेतली (आत्याने ते वाचलं नाही, कलावंतांचं शिक्षण इथेच कमी पडतं) आणि परिपत्रक काढलं. त्यातला मुख्य भाग असा:

'रविवारी शांतता सुरू होत असल्याची सूचना घंटा वाजवून देण्यात येईल. शांतता चालू असल्याची खात्री स्वयंसेवक जिन्यावरून वरखाली फिरून करतील. शांततेचा भंग करणाऱ्याला जागीच शिट्टी मारण्यात येईल. शांतता संपेपर्यंत सहकार्य केल्याबद्दल ध्वनिक्षेपकावरून आभार मानण्यात येतील.'

परिपत्रकात एकही चूक नव्हती. त्याची अंमलबजावणीही चोख झाली, आणि असं क्वचितच घडतं. रविवारी आत्याने ते गाणं आजवर कधी म्हटलं नव्हतं असं म्हटलं. 'बरं, येते' म्हणताना तिचा आवाज जरासा चिरला, तो चिरायलाच हवा होता. तिने हात उचलले. घंटा झाली. आठ स्वयंसेवक नवे बूट घालून जिना चढले. भूगोल शिकवून निवृत्त झालेले दुसऱ्या मजल्यावरचे सर दार उघडून विचारते झाले, "सुरू झाली का?" त्यांना शिट्टी बसली. ती शिट्टी नियमबाह्य असल्याबद्दल दुसरी शिट्टी झाली. सहाव्या सेकंदाला ध्वनिक्षेपक खरखरला आणि अध्यक्ष मनापासून म्हणाले, "आपण सर्वांनी राखलेल्या शांततेबद्दल..." आणि खोकले.

काकांनी मोजलं. नऊ सेकंदांत एकोणीस वेगवेगळे आवाज. इतर कुठल्याही दिवशी याच्या निम्मेही नसत.

दुसऱ्या दिवशी उपसमितीने दोषी शोधण्यासाठी ओळखपरेड घेतली. काका एकेक आवाज वाजवत आणि अध्यक्ष विचारत, "हा कुणाचा?"

"आमच्याकडे मिक्सरच नाही," मिक्सरवाल्या काकू म्हणाल्या.

"मी खोकत नाही," भूगोलाचे सर म्हणाले, आणि अध्यक्षांनीही त्याच वाक्यावर सही केली.

बत्तीस घरांनी एकोणीस आवाज नाकारले. तेव्हा ते आवाज इमारतीत बाहेरून शिरले असावेत असा निष्कर्ष निघाला आणि फाटकावर नवं कुलूप आलं.

आत्या दोन दिवस पियानोजवळ फिरकली नाही. मुंगी मात्र बोटांवर चालू लागली. घोट घोट पाणी प्यायची, तेही आवाज न करता. शिंक आली तर उशीत तोंड खुपसायची. आपण पुरेसं गप्प राहिलो तर सगळ्यांचं मिळून भागेल, असा तिचा हिशोब होता. लहान मुलांचे हिशोब असे थोर असतात. म्हणून तर त्यांना मंडळावर घेत नाहीत.

आणि मग एक चांगली गोष्ट घडली. चांगल्या गोष्टींपासूनच खरी भानगड सुरू होते. काकांचा एक मित्र रेडिओवर नवी गाणी लावायचा. काका आत्याला म्हणाले, "रविवारी गायलीस ती गंमत परत येणार नाही. तेवढं तरी त्याला ऐकवतो." आत्या म्हणाली, "ऐकवा. आता काय उरलंय त्यात?" मित्राने गाणं लावलं आणि नंतर भारावून म्हणाला, "या नऊ सेकंदांत एक अख्खी इमारत जिवंत होते! किती प्रामाणिक, किती सच्चे आवाज!"

त्या संध्याकाळी मिक्सरवाल्या काकू दोन मजले चढून आल्या. लिफ्ट चालू असूनही.

"अगं, तो माझा बरं का."

"काय काकू?"

"मिक्सर! तू म्हणून सांगते, तो साधा नाही. साडेसातशे वॅटचा आहे. आवाजात फरक कळतो की नाही?"

आठवडाभरात एकोणीस आवाजांवर चव्वेचाळीस जणांनी हक्क सांगितला. खोकल्यावर अध्यक्ष आणि भूगोलाचे सर या दोघांचा दावा आला, तेव्हा दोघांना खोकायला लावून तुलना करण्यात आली. (निकाल राखून ठेवला आहे.) चौथ्या मजल्यावरच्या एका सूनबाईंनी बूट आपलेच असल्याचं कळवलं, पण त्या रविवारी त्या माहेरी होत्या असं निघालं. "पण बूट इथेच होते ना?" असं विचारून त्यांनी दावा कायम ठेवला.

सगळ्यात करुण स्थिती झाली ती खरोखर गप्प बसलेल्या घरांची. तशी सहा घरं होती. त्यांनी एकत्र निवेदन दिलं: 'आम्ही नियम पाळला, आणि त्याची शिक्षा म्हणून आमचा आवाज अल्बममध्ये नाही. आमच्या मुलांनी यातून काय शिकावं?'

अध्यक्षांना हे पटलं. माणूस न्यायी होता. त्यांनी ठराव मांडला की नऊ सेकंद बत्तीस घरांत समान वाटावेत. प्रत्येक घराच्या वाट्याला सेकंदाचा चौथा भाग आला आणि वर चिमूटभर.

"अहो, पण गाणं माझं आहे!" आत्या कळवळून म्हणाली.

"गाणं तुमचंच," अध्यक्ष शांतपणे म्हणाले आणि परवानगीपत्रातलं सातवं कलम पुढे केलं. "इमारतीच्या सामाईक जागेत निर्माण होणारा आवाज मंडळाचा. आणि मधल्या नऊ सेकंदांत तुम्ही काही वाजवलेलंही नाही. मग ती जागा मोकळीच, नाही का?"

या युक्तिवादात खोट काढता येत नाही. मुलांनो, प्रयत्न करून पाहा.

काका यंत्र घेऊन घरोघर गेले. एका घराने दार आपटलं, एकाने डबा, एकाने मुलाला गालगुच्चा घेऊन रडवलं. सगळं जोडून जे तयार झालं ते खिळ्यांचा डबा जिन्यावरून गडगडत खाली यावा असं ऐकू येत होतं. आता फक्त सर्वसाधारण सभेची मंजुरी हवी होती. ती मिळाली की अल्बम दुसऱ्या दिवशी बाहेर पडणार होता.

"ते जर मंजूर झालं ना," आत्या मुंगीची वेणी घालता घालता म्हणाली, "तर मी अल्बमच काढणार नाही. अकरावं नसेल तर बाकीची दहा कशाला?" तिने हे इतक्या हळू म्हटलं की फक्त मुंगीला आणि वेणीला ऐकू गेलं.

सभा पियानोच्या खोलीतच भरली, कारण आवाजांचं जन्मस्थान तेच होतं. एकाहत्तर माणसं आली. खोलीत, ओट्यावर, जिन्यात, जिथे जागा मिळेल तिथे बसली. काका चहाला स्वयंपाकघरात गेले ते गर्दीमुळे तिथेच अडकले. म्हणून यंत्राजवळ मुंगी बसली. पियानोवरचा माइक अजून काढलेला नव्हता. अध्यक्षांनी मान डोलावली आणि मुंगीने गाणं लावलं.

गाण्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. गाण्यात रहिवासी कुठे होते? कुणी खुर्ची सरकवत होतं, कुणी विचारत होतं, "आपलं कितव्या सेकंदाला आहे हो?" आत्या खिडकीशी पाठ करून उभी होती. मग यंत्रातून तिचा आवाज आला, 'बरं, येते', आणि एकाहत्तर माणसांनी श्वास धरला.

मुंगीने गोल बटण फिरवून शून्यावर आणलं आणि लाल बटण दाबलं.

एक. दोन. काकूंनी डोळे मिटले. तीन. भूगोलाच्या सरांनी कानामागे हात धरला. चार. अध्यक्षांनी तोंडावर रुमाल दाबला, आत्ताच्या खोकल्याने तेव्हाचा खोकला झाकला जाऊ नये म्हणून. पाच. जिन्यातलं तान्हं बाळसुद्धा सगळे कशाची वाट बघताहेत ते बघत राहिलं. सहा. सात. आठव्या सेकंदाला आत्या वळली आणि तिने दाराकडे पाहिलं.

नऊ.

मुंगीने एक बटण बंद केलं, दुसरं वर नेलं. गाण्याच्या शेवटच्या दोन ओळी वाजल्या, पण त्या ऐकायला कुणाला सवड नव्हती.

"काय लागलाय माझा मिक्सर!" काकू म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"खोकला अगदी स्वच्छ," अध्यक्ष म्हणाले.

"माझाच तो," भूगोलाचे सर म्हणाले.

ऐकू आलं नाही असं एकही घर म्हणालं नाही. यात खोटेपणा काही नव्हता, त्यांना खरंच ऐकू आलं असावं. माणूस स्वतःचा आवाज ऐकायला बसला की मग आवाजाची फारशी गरज पडत नाही. ठराव एकमताने मंजूर झाला: 'आज सभेने ऐकलेले नऊ सेकंद जसेच्या तसे कायम करण्यात येत असून यापुढे त्यात कुणालाही कसलाही बदल करता येणार नाही.' इमारतीच्या इतिहासातला हा पहिला एकमताचा ठराव.

गर्दी ओसरल्यावर काका आले. लाल बटणाशेजारी नव्या रेकॉर्डिंगची नोंद पाहून त्यांनी हेडफोन लावले, ऐकलं, मुंगीकडे पाहिलं आणि हेडफोन आत्याच्या कानांवर ठेवले. आत्याने ते तीनदा ऐकलं. चौथ्यांदा ती पियानोच्या स्टुलावर बसली आणि तिने मुंगीला मांडीवर ओढलं. नऊ वर्षांची मुलगी मांडीवर मावत नाही, पण त्या दिवशी मावली.

अल्बम निघाला. मंडळाचा ठराव असल्यामुळे नऊ सेकंदांना हात लावायची कुणाची प्राज्ञा नव्हती. बत्तीसही घरांनी तो घेतला. पाहुणे आले की तो लावतात. अकरावं गाणं सुरू झालं की पाहुण्यांना गप्प करतात, "थांबा हं, आता मी येते." पाहुणे कान देऊन ऐकतात आणि म्हणतात, "हो हो, आलात."

हसलात? हसा. पण मुलांनो, आणि मुलांच्या खांद्यावरून चोरून वाचणाऱ्या मोठ्यांनो, एक प्रश्न. मिक्सरपाशी तुम्हाला तुमच्या शेजारच्या काकू आठवल्या. खोकल्यापाशी समोरचे आजोबा आठवले. ओढलेल्या स्टुलापाशी वरच्या मजल्यावरची माणसं आठवली. या सगळ्या गोष्टीत तुम्ही स्वतः कितीदा आठवलात? मोजायची गरज नाही, शून्य लिहून टाका. आणि त्या वेळी तुमच्या हातातला चमचा कपात कसा खणखणत होता, ते शेजारच्या घरात विचारा.

मुंगीचं म्हणाल, तर अल्बम निघाला त्या संध्याकाळी तिने आत्याला विचारलं, "आता संपलं ना सगळं?"

"संपलं."

"नक्की?"

"नक्की गं."

सहा आठवडे बोटांवर चालणारी, उशीत शिंकणारी मुंगी जिन्यात गेली, कठड्याला धरून उभी राहिली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली. काचा थरथरल्या. दारं उघडली. खालून अध्यक्षांनी विचारलं, "कुणाचा आवाज हा?"

बत्तीस घरांपैकी एकाचाही दावा आला नाही. तेव्हा मुंगीने पुन्हा छातीभर श्वास भरून घेतला.